व्हिक्टोरियन बाईसाहेबांची खरेदी: पैसे कोणाचे आणि पाय कोणाचे?

सांजसावली

इंग्लंडातल्या रेडिंगला येऊन चार वर्षं झाली, पण इथलं म्युझियम परवा पहिल्यांदा पाहिलं, तेही पावसाने अडकले म्हणून. तिथे हंट्ली अँड पामर्स या बिस्किटवाल्यांचं एक दालन आहे. एका काचेमागे आठ जाडजूड पुस्तकं, चामडी पट्ट्याने करकचून बांधलेली. पुठ्ठ्यांवर नक्षी, पट्ट्याला बकल. जवळ जाऊन बघितलं तर सगळं पत्र्याचं! १९०० सालचा बिस्किटांचा डबा. बिस्किटं संपली तरी कोण टाकून देईल असला डबा? दिवाणखान्यात मिरवायला ठेवणार, येणाराजाणारा विचारणार, आणि कंपनीची जाहिरात घरात फुकट बसून राहणार. माझ्या साताऱ्याच्या आजीकडेही एक जुना बिस्किटांचा डबा होता. आत सुया, रिळं, सुट्टी बटणं. बिस्किट मात्र मी त्यात जन्मात पाहिलं नाही.

तेव्हापासून व्हिक्टोरियन काळातल्या खात्यापित्या घरांच्या खरेदीवर मिळेल ते वाचतेय. आधी वाटायचं, दुकानं मोठी झाली, लोक जायला लागले, एवढंच. पण प्रत्येक पायरीमागे काहीतरी बारीकसं कारण निघतं. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला म्हणून मोठाल्या काचांच्या खिडक्या परवडू लागल्या आणि माल रस्त्यावरून दिसू लागला. १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरचा, १८६१ मध्ये कागदावरचा. म्हणजे जाहिरात छापणं स्वस्त, पेपर स्वस्त. त्यात आगगाडी. उपनगरातली बाई सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी परत.

त्याआधीचं दुकान म्हणजे आत शिरलात की काहीतरी घेतलंच पाहिजे. खुर्ची द्यायची, तागे उलगडायचे, किंमत विचारल्याशिवाय सांगायची नाही. नुसतं बघून बाहेर पडणं असभ्य. "सहज बघायला आलेय" हे वाक्य म्हणायची सोय या काळात झाली.

आणि गडबड इथेच आहे. १८६१ मध्ये बीटनबाईंनी गृहिणींसाठी जो ग्रंथ काढला, त्यात कोणत्या मिळकतीला किती नोकर याचा हिशेबच दिलाय. वर्षाला १००० पौंड असतील तर स्वयंपाकीण, दोन हाऊसमेड, मुलांची दाई आणि एक गडी. १५० ते २०० पौंडवाल्यांना सगळ्या कामाला मिळून एकच पोरगी. एवढा तपशील, पण मिळकत कोणाची? नवऱ्याची. लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं म्हणून फारसं काही नसायचंच. मग या बायका दिवसभर रेशीम आणि रिबिनी घेत हिंडायच्या ते कोणाच्या जिवावर?

जाणकारांनी लिहा.

खडूस_आजोबा

कोणाच्या म्हणजे? वाण्याच्या! उधारीवर. आमच्या लहानपणी पेठेत वही असायची तशीच तिथेही. फरक इतकाच की आमचा वाणी महिन्याला दारात यायचा आणि तिथल्या उमरावांकडे शिंपी वर्षवर्षभर तोंड उघडत नसे. मोठ्या घरी तगादा लावला तर गिऱ्हाईक तुटायचं. नावाजलेल्या दुकानाला ते सोसत असेल, पण चार पोरी घेऊन शिवणारी बाई त्यात बुडायची.

धागा छान आहे. नेहमीसारखं चौथ्या प्रतिसादात राजकारण आणू नये ही विनंती.

भिडू

हे सगळं सेल्फ्रिजने सुरू केलं ना? मालिका पाहिली होती.

चिकित्सक

भिडू, सेल्फ्रिजचं दुकान १९०९ चं. तोवर व्हिक्टोरिया राणी जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या अमेरिकनाने गाजावाजा जास्त केला, पण वाट आधीच मळलेली होती. न्यूकॅसलच्या बेनब्रिजकडे १८४९ मध्येच गल्ल्याचा हिशेब विभागवार ठेवत होते.

लंडनमधला खरा गडी म्हणजे विल्यम व्हाइटली. १८६३ मध्ये बेझवॉटर भागात रिबिनी आणि किरकोळ कापडाचं छोटं दुकान टाकलं, मग शेजारचे गाळे एकेक करत गिळले. स्वतःला 'युनिव्हर्सल प्रोव्हायडर' म्हणवून घ्यायचा, आणि टाचणीपासून हत्तीपर्यंत काहीही पुरवतो अशी ख्याती. कपड्यांपर्यंत ठीक होतं. त्याने मांस आणि भाजी विकायला घेतली तेव्हा आसपासचे खाटीक खवळले आणि १८७६ च्या नोव्हेंबरात, गाय फॉक्सच्या दिवशी, त्याच्या पुतळ्याची मिरवणूक काढून तो जाळला. पुढे दुकानाला पुन्हा पुन्हा आगी लागल्या, १८८७ ची सर्वांत मोठी. १९०७ मध्ये, मी तुमचा मुलगा, असं सांगत आलेल्या एका तरुणाने त्याला त्याच्याच दुकानात गोळी घातली.

मॉल आला की कोपऱ्यावरचा दुकानदार मरतो ही ओरड आपल्याला आजची वाटते. बेझवॉटरचे खाटीक १८७६ मध्येच रस्त्यावर उतरले होते.

कायदेपंडिता

सांजसावली, तुमच्या प्रश्नावर थेट एक खटला आहे आणि तो मला फार आवडतो. डेबनहॅम विरुद्ध मेलन, १८८०, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलेला.

पार्श्वभूमी अशी. बायको घर चालवते, म्हणजे घराला लागणारी वस्तू ती नवऱ्याच्या नावावर घेऊ शकते, असं कायदा धरून चालायचा. ती त्याची प्रतिनिधी. म्हणून दुकानदार बाईला बिनधास्त उधार द्यायचे, बिल नवऱ्याकडे. आता 'लागणारी वस्तू' म्हणजे काय? कोळसा लागतो, मान्य. पण तीन नवे झगे? वकीलमंडळी झग्यांच्या किमती आणि नवऱ्याची ऐपत घेऊन कोर्टात बसायची.

मेलन हा हॉटेलचा व्यवस्थापक. त्याने बायकोला कपड्यांसाठी ठरावीक रक्कम बांधून दिली होती आणि माझ्या नावावर उधार घ्यायचं नाही असं बजावलं होतं. तिने डेबनहॅमकडून कपडे घेतले. दुकान नवऱ्यावर पैशासाठी गेलं. लॉर्ड्सनी निकाल दिला की नवऱ्याने मनाई केली असेल तर तो देणं लागत नाही, दुकानदाराला ती मनाई ठाऊक नसली तरी.

दुकानदाराची अवस्था बघा. समोर रेशमी हातमोजे घातलेली बाई उभी. "बाईसाहेब, यजमानांनी मनाई तर केली नाही ना?" असं विचारायची सोय नाही, गिऱ्हाईक उठून जाईल. न विचारावं तर पैसे बुडतील. १८८२ च्या कायद्याने विवाहितेची मालमत्ता तिची स्वतःची झाली, पण ज्या बाईकडे मालमत्ताच नाही तिच्या उधारीचं कोडं तसंच राहिलं. रोखीने विकणाऱ्या मोठ्या दुकानांचं फावलं त्यात या कटकटीचाही वाटा होता, असं माझं मत.

सांजसावली

कायदेपंडिता, दंडवत! म्हणजे नवऱ्याच्या खिशाला कात्री लावण्यावरचे विनोद कोर्टात जाऊन आलेले आहेत तर.

फोर्टातला_भटक्या

रोखीचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे या. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारी आर्मी अँड नेव्हीची इमारत आहे ना, रोज हजारो लोक खालून जातात, ती याच गोष्टीतली. १८७१ मध्ये काही लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी दारू घाऊक भावात मिळावी म्हणून सहकारी सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर दुकान थाटलं. सभासदालाच प्रवेश, पैसे रोख, म्हणून भाव कमी. गंमत म्हणजे ज्यांना उधारी सहज मिळत होती त्याच वर्गाने रोखीची सूट स्वतःसाठी काढून घेतली.

त्यांचा कॅटलॉग विटेएवढा जाड. तंबू, घडीचं टेबल, प्रवासी बाथटब, लोणच्याच्या बरण्या, सगळं चित्रासकट. दूर छावणीत बसलेल्या साहेबाच्या मडमेला दुकान बघायला मिळत नव्हतं, तिचा बाजार म्हणजे हे पुस्तक. १८९१ मध्ये मुंबईत शाखा आली.

आणि त्याच्याच बाजूचं वॉटसन्स हॉटेल! त्याचा मालक जॉन वॉटसन मूळचा कापडवाला. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवला, सुटे भाग बोटीने आणून इथे जोडले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथेच दाखवली, तिकीट १ रुपया. त्या काळचा १ रुपया म्हणजे गिरगावातल्या कारकुनाने बाहेरूनच इमारत बघायची.

आज ती इमारत बघवत नाही. लोखंड गंजलंय, सज्जे लोंबताहेत. फोटो काढला आणि टाकला नाही.

मीठमिरची

एक नाजूक प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मीच विचारते. दिवसभर बाहेर, अंगावर इतके थर, मग या बायका 'जायच्या' कुठे?

हसू नका, मी शोधलंय. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या नळकाम करणाऱ्याने पैसे देऊन वापरायची शौचालयं बसवली, १ पेनी दर, आणि ८ लाखांहून जास्त लोकांनी ती वापरली. प्रदर्शन संपलं, सोय संपली. पुरुषांसाठी रस्त्यावर काही ना काही असायचं, बायकांसाठी नाही. लेडीज लॅव्हेटरी कंपनीचं पहिलं ठिकाण ऑक्सफर्ड सर्कसला १८८४ मध्ये उघडलं. मधल्या तीस वर्षांत काय? घर जवळ असेल तेवढाच बाजार!

म्हणून मोठ्या दुकानांनी आत 'लेडीज रूम', बसायला खुर्च्या, वाचायला मासिकं, चहा अशी सोय केली ती काही बायकांच्या प्रेमापोटी नव्हे. बाई जितका वेळ आत थांबेल तितकं बिल वाढेल. व्हाइटलीने १८७२ मध्ये आपल्या उपाहारगृहात वाइन द्यायचा परवाना मागितला होता, तो मॅजिस्ट्रेटनी नाकारला. का, तर अशा ठिकाणी परपुरुषांच्या गाठीभेटी होतील! मग चहाच. एरेटेड ब्रेड कंपनी नावाच्या पाववाल्यांनी १८६४ पासून चहाची दुकानं काढली आणि एकट्या बाईला बिनबोभाट टेकायला जागा झाली.

लक्ष्मी रोडला खरेदीला जाताना आई घरून निघायच्या आधी पाणी प्यायची नाही, ते आठवलं.

काउंटरवाली

मीठमिरची, तुमच्या शेवटच्या ओळीला हजार वेळा +१.

खडूस_आजोबा

फुरसतीच्या खेळांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून एक अवांतर. १८७४ मध्ये मेजर विंगफिल्ड या गृहस्थाने लॉन टेनिसचा संच पेटीत घालून विकायला काढला. जाळं, खुंट्या, रॅकेटी, चेंडू आणि नियमांची पुस्तिका, किंमत ५ गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग जास्त, आणि पौंडात बोलणं हलकं समजणाऱ्यांसाठीचा तो आकडा. ज्याच्या घरामागे कापलेली हिरवळ आहे त्यालाच हा खेळ. तीन वर्षांत विम्बल्डनच्या क्रोके क्लबाने स्पर्धाच भरवली.

आणि बॅडमिंटन! नाव इंग्लंडातल्या हवेलीचं, पण त्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात आमच्या पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी बसवले. खेळालाच 'पूना' म्हणायचे. पुणेकरांनी कशाचाही अभिमान बाळगावा, पण साहेब क्लबात कोणाला आत घेत नव्हता हेही लक्षात असू द्यावं.

चिकित्सक

आजोबा, सहमत. फुरसतीत वाचनही धरा. मुडीच्या लायब्ररीची वर्गणी वर्षाला १ गिनी, आणि तेवढ्यात एका वेळी एकच खंड. कादंबऱ्या तीन-तीन खंडांत छापायचे त्याचं एक कारण हेच. एका कादंबरीत तीन वाचक एकाच वेळी गुंतवता येतात.

आता जाहिरात. धाग्याच्या नावात नाही, पण पहिल्या परिच्छेदातच सांजसावलींनी डबा उघडलाय. पेअर्स साबण सगळ्यांना ठाऊक. त्यांचा थॉमस बॅरट हा या धंद्यातला बिलंदर. फ्रान्सची १० सँटिमची नाणी इंग्लंडात १ पेनी म्हणून चालून जायची. याने तसली अडीच लाख नाणी आणवली, त्यावर पेअर्सचं नाव ठोकलं आणि बाजारात सोडली. पेपर टाकून देता येतो, पैसा कोण टाकणार? सरकारला शेवटी परकी नाणी बंद करावी लागली.

१८८६ मध्ये मिले या नामवंत चित्रकाराने आपल्या नातवाचं चित्र काढलं, साबणाचे फुगे सोडणारा, वर मान करून बघणारा मुलगा. बॅरटने चित्र हक्कासकट २२०० पौंडांना घेतलं आणि खाली कोपऱ्यात एक वडी चितारून घेतली. कलेचा बाजार मांडला म्हणून मिलेवर टीकेची झोड उठली. तो नातू मोठेपणी आरमारात अॅडमिरल झाला, पण 'बबल्स' हे टोपणनाव जन्मभर चिकटलं ते चिकटलंच.

मीठमिरची

म्हणजे रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीचं पुढे कॅलेंडरवर जे झालं त्याचीच ही आधीची आवृत्ती. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. आमच्या देवघरातली लक्ष्मी तशाच एका कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेली आहे. खालची जाहिरात आजोबांनी कात्रीने काढून टाकली होती, तरी एका टोकाला अर्धं अक्षर राहिलंय.

फोर्टातला_भटक्या

औषधांचा कप्पाही उघडून बघा. ग्राइप वॉटर: विल्यम वुडवर्ड, नॉटिंगहॅम, १८५१. त्यात तेव्हा शेपाचं तेल, सोडा आणि चक्क अल्कोहोल. इनो: न्यूकॅसलचा औषधवाला जेम्स क्रॉसली इनो, बंदरात येणाऱ्या खलाशांना पुड्या वाटून नाव पसरवणारा. वाराणसीचा मंजन नाही नि कोकणातला काढा नाही, आमच्या घरात दोन पिढ्या व्हिक्टोरियन बाटल्यांवर वाढल्या.

भिडू

इनो ब्रिटिश?! मला आमच्या चाळीतलंच वाटायचं.

सांजसावली

माझ्याकडून एक गोष्ट. शाल. काश्मिरी शाल एक विणायला महिनेच्या महिने लागायचे, म्हणून ती श्रीमंत नवरीच्या आहेरात असायची. स्कॉटलंडच्या पेझ्ली गावातल्या विणकरांनी यांत्रिक मागांवर तिची नक्कल काढली आणि मध्यमवर्गाला शाल परवडू लागली. आपली कोयरी तेव्हापासून जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. मग १८७० च्या सुमारास झग्याला मागे फुगवटा आला. त्यावर शाल नीट बसेना. फॅशन गेली, पेझ्लीचे माग बसले. एका फुगवट्यापायी!

ज्या शालींच्या दुकानात आर्थर लिबर्टी नोकरीला होता, तिथून बाहेर पडून त्याने १८७५ मध्ये रीजंट स्ट्रीटवर स्वतःचं दुकान काढलं, नाव ईस्ट इंडिया हाउस. १८८५ मध्ये माल खपावा म्हणून त्याने हिंदुस्थानातून ४२ माणसं आणून बॅटरसीला 'जिवंत खेडं' मांडलं. विणणारी, घडवणारी माणसं, आणि तिकीट काढून बघायला आलेली. हे वाचून मी पुस्तक मिटलं. शाल आवडणं आणि विणणारा शोभेला ठेवणं, यातली रेघ त्या लोकांना दिसलीच नसेल का?

खडूस_आजोबा

दिसली असेल. तिकीट किती ठेवायचं हा विचार करताना विसरली असेल.

काउंटरवाली

सगळे प्रतिसाद वाचले. बाईंचं झालं, नवऱ्याचं झालं, दुकानदाराचं झालं. काउंटरच्या पलीकडच्या पोरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी सहा वर्षं साड्यांच्या दुकानात होते. गादीवरचं दुकान नव्हे, तिथे विकणाराही बसतो. शोरूम, काचेचे काउंटर, एसी.

त्या लंडनच्या पोरी दुकानाच्याच माडीवर राहायच्या. एका खोलीत कितीतरी जणी, जेवण दुकानाचं, पगारातून कापलेलं. उशीर झाला दंड, गिऱ्हाइकाशी उलट बोललं दंड, हिशेबात चूक दंड. टेलकोट घातलेला शॉपवॉकर मजल्यावर फिरत असायचा. बाईंना दार उघडून देताना तो कमरेत वाकायचा आणि पोरींकडे वळला की मुकादम. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने चाललं तर आधी शॉपवॉकरला बोलवायचं, पोरीने स्वतःहून जाऊ द्यायचं नाही. पडून राहिलेला जुना माल गळ्यात मारला तर वर थोडे पैसे. शेवटच्या दोन्ही गोष्टी मला वाचायची गरज नव्हती.

१८८६ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही असं ठरवलं. हो, चौऱ्याहत्तर, आणि ती सवलत! हॅरॉड्समध्ये १८९८ मध्ये सरकता जिना बसवला तेव्हा वर पोचलेल्या गिऱ्हाइकांना धक्क्यातून सावरायला ब्रँडी देत होते. त्याच्या पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, कायदा झाला की दुकानात दर तीन बायकांमागे एक तरी बसायची जागा हवी. तिघींत एक.

आपल्याकडे असा बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये दिला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. मधली वर्षं ज्याची त्याने मोजा.

कायदेपंडिता

काउंटरवाली, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद. शीर्षकातला दुसरा अर्धा भाग तुम्ही लिहिलात. १८९९ च्या कायद्यात एक ग्यानबाची मेख होती, जागा ठेवायची एवढंच सक्तीचं. पोरगी त्यावर बसली तर मालक काय म्हणेल, ते कायद्याला दिसत नव्हतं.

सांजसावली

खरं सांगायचं तर शीर्षक देताना 'पाय' मी बाजार हिंडणाऱ्या बाईंचे धरले होते. आता तेच राहू देते, अर्थ बदललाय.

काउंटरवाली, विचारू का, तुमच्या शोरूममध्ये बसायला काही होतं?

काउंटरवाली

होतं ना. एक स्टूल. त्याच्यावर कॅरीबॅगांचा गठ्ठा ठेवलेला असायचा.